उतारावरची शिट्टी

बॉनेट उघडलं की शिट्टी वाजवू शकतील अशा सतरा जागा होत्या. रबरी नळ्या नऊ, पट्टे दोन, बेअरिंगं तीन, गॅस्केटं दोन आणि तेल ओतायच्या तोंडावरचं झाकण एक. मी त्या सगळ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिल्या होत्या आणि प्रत्येकीपुढे एक रिकामा चौकोन आखला होता. अठरावी जागा आईनं सुचवली. तिच्या मते शिट्टी बाबांच्या कानात होती.

"कान वाजतात त्यांचे," ती म्हणाली. "वय झालं की वाजतात. एक चौकोन तिथे आख."

बाबांची पिकअप माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहे. ते तिच्यातून बेकरीचा ब्रेड पोचवतात. पहाटे सव्वापाचला घरामागच्या अंगणातून निघायचं, गल्ली ओलांडून उताराला लागायचं, उतारावर नऊ वळणं, आणि पायथ्याशी बेकरी. तिथे चाळीस क्रेट चढवायचे आणि चौदा दुकानं, दोन शाळा आणि एक हॉस्पिटल करून दहाला परत. दुपारी पुन्हा एक फेरी, ती सहाला संपते.

शिट्टी वाजायची ती फक्त त्या उतारावर. इंजिन गार असताना ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की एक बारीक, उंच सूर यायचा, दातांच्या फटीतून कुणी हवा ओढावी तसा. पाय परत ठेवला की बंद. बेकरी येईतो इंजिन तापायचं आणि मग दिवसभर चिडीचूप. तीही रोज वाजायची नाही. आणि तेव्हा गाडीत बाबांशिवाय कुणीच नसायचं.

मिस्त्री काकांकडे ते दोनदा जाऊन आले होते, दोन्ही वेळा दहानंतर, तापलेली गाडी घेऊन. पहिल्या वेळी काका हसले. "दादा, पेशंट बरा होऊन दवाखान्यात आला तर डॉक्टरनं तपासायचं काय?" दुसऱ्या वेळी मात्र त्यांनी हातभर रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं, दुसरं टोक एकेका भागाजवळ धरत अर्धा तास ऐकलं, नळी गुंडाळून ठेवली आणि हळू आवाजात म्हणाले, "गाडीत काही नाही, दादा. एकदा कान दाखवून घ्या." चेष्टेत म्हणाले असते तर बाबांनी परतफेड केली असती. काकांनी ते काळजीनं म्हटलं होतं, म्हणून बाबा गप्प बसले.

मी तेव्हा भौतिकशास्त्राची शेवटची परीक्षा देऊन घरी आले होते आणि निकालाची वाट बघत होते. मोजण्यासारखं काही हाताशी नसलं की मला करमत नाही. पहिल्याच रविवारी बाबा आणि मी अंगणात क्रेट धुवत होतो. मी विचारलं, "शिट्टी वाजली म्हणून गाडी बिघडणार आहे का?"

"नाही गं. शिट्टीचं काय, वाजली तर वाजली." त्यांनी क्रेट उपडा केला, पाणी झटकलं. "पण ती नाहीच आणि मला ऐकू येते, असं असेल तर मी गाडीत बसू नये. उद्या उलटं होईल. हॉर्न असेल आणि मला ऐकू येणार नाही. शाळांसमोर उभी करतो मी गाडी."

मी साबणाचं पाणी त्यांच्याकडे सरकवलं.

"महिनाअखेरपर्यंत बघतो," ते म्हणाले. "नाही कळलं तर शेवटच्या शनिवारी बेकरीत किल्ली देऊन टाकतो. दुसरा माणूस बघतील ते."

ते हे क्रेटकडे बघत बोलले. पुढचा क्रेट त्यांनी दोनदा धुतला.

मग मी वही केली. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर थर्मामीटर टांगला आणि पहाटे पाचचं तापमान लिहायला लागले. शिट्टी वाजली की नाही, हे बाबा बेकरीतल्या पेन्सिलीनं एका चिठ्ठीवर लिहून आणायचे. दोन दिवस मी माझा फोन रेकॉर्डिंग चालू करून त्यांच्या खिशात ठेवला. दोन्ही दिवशी त्यांच्या स्वेटरचा आवाज अतिशय स्वच्छ रेकॉर्ड झाला.

थंडीत वाजते म्हणतात, तर सगळ्यात थंड दिवशी नक्की वाजेल, असा मी हिशेब केला आणि तीन सगळ्यात थंड सकाळी बाबांबरोबर गाडीत बसले. तिन्ही वेळा नऊच्या नऊ वळणांवर त्यांनी पाय उचलला. तिन्ही वेळा काहीच नाही. तिसऱ्या दिवशी बेकरीसमोर गाडी थांबवून ते म्हणाले, "तू नसतेस तेव्हाच वाजते." त्यांनी हसायचा प्रयत्न केला. आता त्यांचाही स्वतःवर विश्वास उरला नव्हता, हे मला त्या हसण्यावरून कळलं.

एकवीस दिवसांनी वहीत असं दिसत होतं. सात अंश किंवा जास्त तापमानाचे दिवस चार, शिट्टी एकदाही नाही. तीन ते सहा अंशांचे दिवस नऊ, त्यात शिट्टी आठ दिवस. दोन किंवा त्याखालचे दिवस आठ, त्यात शिट्टी फक्त एक दिवस.

हे विचित्र होतं. थंडी वाढते तशी शिट्टी सुरू होते आणि आणखी वाढली की बंद पडते. मी त्यासाठी एक सिद्धान्त रचला. कुठल्यातरी नळीला बारीक भेग आहे, गारठ्यात रबर आकसून ती उघडते, पण दोन अंशांखाली तिच्यातला ओलावा गोठतो आणि भेग बुजते. सिद्धान्त देखणा होता. मी तो आईला समजावून सांगितला.

"म्हणजे शिट्टीलाही थंडी वाजते," आई म्हणाली. "तेवढ्यासाठी इतकी वर्षं फी भरली आम्ही."

सिद्धान्तात दोन दोष होते. दोन अंशांनाच ओलावा गोठावा याला काही कारण नव्हतं. आणि निसर्गात सीमारेषा इतक्या काटेकोर क्वचित असतात. दोनला नाही, तीनला हो. कुणीतरी पट्टी ठेवून रेघ ओढावी तसं ते दिसत होतं.

बाविसाव्या दिवशी दुपारी मी आरसा आणि टॉर्च घेऊन एकेक चौकोन भरत बसले. सातव्या नळीची क्लिप तपासताना तिच्या कडेला काहीतरी अडकलेलं दिसलं. चिमट्यानं ओढून काढलं. दोन बोटं रुंद कापडाची चिंधी होती, तेलानं काळी झालेली, मागे थोडा कापूस चिकटलेला. पेट्रोलच्या बोळ्यानं पुसली तर निळ्यावर पांढरे ठिपके निघाले. ते कापड मला ओळखीचं होतं. तिसरीत असताना मी ते घालून शाळेच्या फोटोत उभी होते. फ्रॉक लहान झाल्यावर आईनं त्याची पट्टी कापून रजईच्या काठाला लावली होती.

आई पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. मी चिंधी तिच्यासमोर ठेवली.

"कुठे मिळाली?"

"इंजिनावर. सातव्या नळीच्या क्लिपमध्ये."

"उंदरानं नेली असेल."

"बॉनेट उघडून?"

तिनं एका शर्टाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "त्यांना सांगू नकोस," ती म्हणाली.

दोन वर्षांपूर्वी एका पहाटे गाडी गारठली होती आणि सेल्फ मारून मारून बॅटरी उतरली होती. बाबांनी ती एकट्यानं ढकलत उतारापर्यंत नेली. गाडी सुरू झाली. ब्रेड वेळेवर पोचला. दुपारी बाबा हॉस्पिटलमध्ये होते, ज्याच्या स्वयंपाकघरात सकाळी ब्रेड देऊन आले होते त्याच. अकरा दिवस ठेवलं होतं. मी तेव्हा परीक्षेला होते, मला चौथ्या दिवशी कळवलं.

"त्याच्या आदल्या संध्याकाळी रेडिओवर दोन अंश सांगितले होते," आई म्हणाली. "माझ्या लक्षात आहे. तेव्हापासून रेडिओ दोन किंवा कमी म्हणाला की मी झाकते. हे साडेआठला झोपले की गरम पाण्याची पिशवी इंजिनावर, वर रजई. पहाटे हे दाढी करत असताना काढून घेते."

"आणि आम्हाला सांगितलं का नाहीस?"

"एकदा त्यांच्यादेखत झाकली होती. म्हणाले, टोपडं पण घाल, पायमोजे घाल. आठवडाभर बेकरीत सगळ्यांना सांगत सुटले होते. मग मी सांगायचं सोडलं. झाकायचं नाही सोडलं."

मी वही आणि जिन्याखालची जुन्या पेपरांची चळत घेऊन आले. पेपरात रेडिओवरचाच आदल्या संध्याकाळचा अंदाज छापलेला असतो. वहीतले दोन दिवस नियमात बसत नव्हते, आधी मी तेच काढले. एका दिवशी अंदाज एक अंशाचा होता पण पहाटे ढग आले आणि थर्मामीटरवर चार निघाले. त्या दिवशी शिट्टी नाही. दुसऱ्या दिवशी अंदाज पाचचा होता, आकाश निरभ्र राहिलं आणि पारा एकवर उतरला. त्या दिवशी शिट्टी. मग बाकीचे एकोणीस ताडून पाहिले. सगळे बसले. गाडी हवेप्रमाणे वागतच नव्हती. ती संध्याकाळच्या बातम्यांप्रमाणे वागत होती. मी तीन आठवडे अंगणाचं तापमान मोजलं होतं. इंजिनाचं एकदाही मोजलं नव्हतं.

आईनं वही स्वतःकडे ओढली आणि बोट ठेवत ठेवत तो तक्ता वाचला. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"म्हणजे मी झाकत नाही त्या दिवशी वाजते."

"तसं दिसतंय."

"आणि तू बरोबर बसलीस ते तिन्ही दिवस मी झाकली होती."

"हो."

तिनं वही माझ्याकडे सरकवली. मग म्हणाली, "आणि वर मीच त्यांना म्हणत होते, कान वाजतात." तिनं चिंधी उचलून मुठीत धरली. "तो अठरावा चौकोन खोड."

"अजून पुरावा नाही, आई."

"रजई दिली की तुला. आणखी काय पुरावा पाहिजे, पलंग?"

बाबांना तिनं स्वतःच सांगितलं, त्याच दिवशी संध्याकाळी, त्यांच्याकडे पाठ करून चहा गाळताना. ते ऐकत राहिले. मला वाटलं, आता टोपड्याचा विनोद येणार. तो आला नाही.

"रोज?" त्यांनी विचारलं.

"रेडिओ दोन म्हणाला तर."

"आणि पहाटे काढायला एकटीच बाहेर जायचीस? त्या गारठ्यात?"

"स्वेटर असतो की."

"दोन वर्षं."

"दोन हिवाळे," आईनं दुरुस्त केलं.

बाबांनी कप घेतला, खाली ठेवला. "तरीच," ते म्हणाले. "कडाक्याच्या थंडीत एका सेल्फला उठायची. मी त्या बॅटरीची तारीफ करत गावभर फिरलो."

मग त्यांनी वही मागितली. वाचून झाल्यावर म्हणाले, "आता उद्या तुम्ही दोघी बसाल गाडीत. मी विचारीन, ऐकू आली का. तुम्ही माझं मन राखायला हो म्हणाल. तसं मला नकोय."

त्यांचं बरोबर होतं. तेव्हा आम्ही असं ठरवलं की रजई घालायची नाही, उतारावर कुणी बोलायचं नाही, कुणी कुणाकडे बघायचं नाही, आपापल्या मनात मोजायचं. खाली गाडी थांबली की तिघांनी तीन चिठ्ठ्यांवर आकडा लिहायचा आणि मग उघडायच्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे शून्य अंश होते. आम्ही तिघं पुढच्या सीटवर दाटीवाटीनं बसलो. आई मध्ये, गिअरला जागा करून द्यायला गुडघे माझ्याकडे वळवून. पहिल्या वळणावर बाबांनी पाय उचलला आणि मी तो सूर पहिल्यांदा ऐकला. मला वाटलं होतं त्यापेक्षा तो बारीक होता आणि खूपच स्पष्ट. मी काचेतून समोर बघत राहिले. आईचा खांदा माझ्या खांद्याला टेकलेला होता. तो ताठ झाला आणि मग सैल पडला.

बेकरीसमोर चिठ्ठ्या उघडल्या. नऊ वळणांपैकी माझी सहा, बाबांची सहा, आईची पाच.

"चौथ्याला मला खोकला आला," आई म्हणाली. "ते मी धरलं नाही."

बाबा तिन्ही चिठ्ठ्या हातात घेऊन बसून राहिले. आईनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "होती हो," ती म्हणाली. "चांगली मोठ्यानं होती." त्यांनी मान हलवली. थोड्या वेळानं म्हणाले, "आणि दुरुस्त केल्यावरही मला ऐकू आली तर?"

आवाज असताना तो ऐकू येणं ही अर्धीच तपासणी असते.

पुढच्या पहाटे मिस्त्री काका कानटोपी घालून अंगणात आले. "या वेळेला मी स्वतःच्या लग्नालासुद्धा उठलो नव्हतो," म्हणाले. गाडी रात्रभर उघडी होती. बाबांनी सेल्फ मारला, रेस दिली आणि पाय उचलला. काकांनी रबरी नळी कानाला लावली. तिसऱ्या वेळी त्यांनी हात वर केला आणि नळी कानातून काढली.

"आहे," ते म्हणाले. मग खिडकीशी जाऊन, "दादा, मी तुम्हाला कान दाखवायला सांगितलं होतं."

"हो."

"ते मागे घेतो."

"घे," बाबा म्हणाले. "तुझी काय चूक, मी तुझ्याकडे नेहमी गरम गाडीच आणली."

काकांनी तेलाचं झाकण अर्धा आटा सैल केलं. शिट्टी तुटली. घट्ट केलं, परत आली. असं त्यांनी चार वेळा केलं आणि माझ्याकडे बघितलं, मी लिहून घेतेय ना म्हणून. इंजिनाच्या पोटातली वाफ परत ओढून घेणारी एक लहान झडप असते, नवव्या नळीच्या टोकाला. मी ती नळीचाच तुकडा समजले होते आणि वेगळी मोजली नव्हती. जागा सतरा नव्हत्या, अठरा होत्या. झडपेच्या आत नाण्याएवढा रबरी पडदा असतो. काकांनी तो काढून मला दिला. त्याला अकरा मिलिमीटरची चीर होती. तळहातावर धरला की चिरेचे ओठ मिटायचे, गार पायरीवर ठेवला की उघडायचे. पाय उचलला की इंजिन जोरानं हवा ओढतं, आणि ती हवा त्या उघड्या फटीतून शिट्टी वाजवत आत जात होती. झाकण सैल केलं की तिला मोठा रस्ता मिळायचा, म्हणून सूर तुटायचा.

"शास्त्रज्ञबाई," काका म्हणाले, "तुमच्या वहीला सांगा, मिस्त्रीनं शोधलं."

"रजईनं शोधलं," बाबा म्हणाले.

नवी झडप बुधवारी आली आणि बसली. गुरुवारी पहाटे सात अंश होते. सात अंशांना जुनीही वाजत नव्हती, तेव्हा तो दिवस मोजण्यात अर्थ नव्हता. बाबांनी काही विचारलं नाही. संध्याकाळी मात्र ते रेडिओजवळ येऊन बसले, जे ते कधी करत नाहीत. उणे एक, बातम्या म्हणाल्या. आईनं सवयीनं पाण्याचं पातेलं उचललं आणि मग परत ठेवलं. "उद्या नाही," बाबा म्हणाले. "उद्या तिला उघडीच राहू दे." महिन्याचा शेवटचा शनिवार परवावर आला होता. किल्ली खिळ्याला टांगलेली होती.

शुक्रवारी आम्ही तिघं पुन्हा पुढच्या सीटवर बसलो. काचेवर जमलेला बर्फाचा पापुद्रा बाबांनी पट्टीनं खरवडला. आईनं येतानाच दोन गोळ्या चघळल्या होत्या, खोकला नको म्हणून. मी निघण्याआधी झडपेला थर्मामीटर टेकवून आकडा लिहून घेतला.

बाबांनी पहिल्या वळणावर पाय उचलला. नंतर दुसऱ्या. ते प्रत्येक वळणावर नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ पाय उचलून धरत होते. पाचव्या वळणापाशी मला त्यांच्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता. सातव्या वळणाला आईनं डोळे मिटले. नववं वळण संपलं, बेकरीचा दिवा दिसला, आणि त्यांनी गाडी फाटकाच्या आधीच थांबवून इंजिन बंद केलं. कुणी कुणाकडे बघितलं नाही. मी पेन्सिली वाटल्या. बाबांनी चिठ्ठी स्टिअरिंगवर ठेवली, बराच वेळ पेन्सिल टेकवून धरली आणि मग लिहिलं. तिन्ही चिठ्ठ्या आईच्या मांडीवर ठेवल्या. ती एकेक उघडत गेली आणि मी वहीत उतरवत गेले.

बाहेर उणे एक अंश. निघताना झडपेवर शून्य. वळणं नऊ. आई शून्य, मी शून्य, बाबा शून्य.